कारमागे ट्रेलर जोडण्याआधी: वजन, कागदपत्रं आणि बॉलवरचा भार

ट्रेलर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझी गाडी ओढेल ना?" बहुतेक वेळा ओढते. सपाट रस्त्यावर, पहिल्या गिअरमध्ये, मध्यम कारही जवळपास स्वतःच्या वजनाइतकं ओझं हलवू शकते. पण भरउतारावर, ओल्या रस्त्यावर, ते ओझं मागून ढकलत असताना गाडी थांबेल का? आणि थांबताना सरळ राहील का? ट्रेलरबद्दलचे जवळपास सगळे नियम ह्या दोन प्रश्नांतून आलेले आहेत. म्हणून सुरुवात वजनापासून करू. लायसन्स, ब्रेक, विमा, वेग हे सगळं शेवटी त्याच आकड्यांवर येऊन ठेपतं.

आधी पाटी वाचा

एक कागद घ्या आणि पाच आकडे लिहून काढा. गाडीचं रिकामं वजन. माणसं आणि सामानासकट गाडीचं कमाल वजन. गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. निर्मात्याने ठरवलेली ओढण्याची मर्यादा. ही ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळी असते. आणि टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर, वरून किती भार चालतो तो आकडा. हे आकडे दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पाटीवर, नोंदणीच्या कागदावर आणि मॅन्युअलमध्ये मिळतात. ट्रेलरवरही पाटी असते, तिच्यावर त्याचं कमाल वजन आणि ॲक्सलची क्षमता असते. मॅन्युअलमध्ये ओढण्याचा आकडाच नसेल तर "काही लिहिलं नाही म्हणजे चालतं" असा सोयीचा अर्थ काढू नका. काही इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना, आणि काही लहान पेट्रोल गाड्यांनाही, निर्मात्याने ओढण्याची परवानगीच दिलेली नसते.

आता गंमत बघा. समजा गाडीचं भरलेलं कमाल वजन १९०० किलो आहे, ओढण्याची मर्यादा १३०० किलो आहे आणि दोन्ही मिळून कमाल वजन ३००० किलो. जाहिरातीत १३०० दिसतं, आणि डोक्यात तेच राहतं. पण पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गाडी १९०० किलोला पोचली, तर ट्रेलरसाठी उरतात ११०० किलो. १३०० पूर्ण वापरायचे असतील तर गाडीतले २०० किलो उतरवावे लागतील. हा हिशेब न केल्यामुळे कित्येक जण नकळत जादा वजन घेऊन फिरत असतात.

ओढण्याची मर्यादा आकाशातून पडलेली नसते. युरोपात ती ठरवताना गाडी-ट्रेलरची भरलेली जोडी १२ टक्के चढावर उभी करून पाच मिनिटांत पाच वेळा हलवून दाखवावी लागते. म्हणजे त्या आकड्यात चढावरची सुरुवात धरलेली आहे. वाऱ्यात, वळणावर किंवा घाईच्या ब्रेकला गाडी कशी वागेल, हे तो आकडा सांगत नाही. म्हणून नवख्याने ट्रेलरचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं, असा जुना सल्ला आहे. तो कायदा नाही, पण मला तो पटतो. उंच घाटरस्त्यांना जाणार असाल तर वजन आणखी थोडं कमी ठेवा. हवा विरळ झाली की टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते.

अंदाजावर राहू नका. ट्रेलर भरा आणि वजनकाट्यावर न्या. ट्रेलर सोडून एकट्याचं वजन घ्या, मग गाडीचं घ्या. शक्य असेल तर गाडीचा फक्त मागचा ॲक्सलही काट्यावर घ्या. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

ब्रेक: ७५० किलोची रेघ

७५० किलो हा ट्रेलरच्या जगातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. १९६८च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारात 'हलका ट्रेलर' म्हणजे कमाल वजन ७५० किलोपर्यंतचा, अशी व्याख्या आहे, आणि अनेक देशांच्या नियमांत हीच रेघ दिसते. युरोप आणि ब्रिटनमध्ये ७५०च्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरला दुसरी अटही आहे: ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मं, यात जे कमी असेल ते. म्हणजे हजार किलोच्या छोट्या गाडीला ५०० किलोवरच थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियात ७५० ते २००० किलोच्या टप्प्यात निदान एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना ब्रेक लागतात. २०००च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, शिवाय ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही हवी.

लहान ट्रेलरवर बहुधा ढकलीचे ब्रेक असतात. तुम्ही गाडीचा ब्रेक दाबता, मागचा ट्रेलर गाडीवर रेलतो, कपलिंगमागचा (कपलिंग किंवा कपलर म्हणजे ट्रेलरच्या नाकाचा, बॉलवर बसणारा भाग) दांडा आत सरकतो आणि तोच दांडा सळी-तारांनी चाकांचे ब्रेक ओढतो. साधी आणि हुशार रचना. पण तिला हलका उशीर असतो, आणि दांड्यावर गंज किंवा माती बसली की तो अडकतो. मोसमाच्या सुरुवातीला ट्रेलरचं नाक हाताने जोरात आत ढकलून बघा. दांडा गुळगुळीत सरकून सावकाश परत यायला हवा. धाडकन आला तर आतला डॅम्पर, म्हणजे धक्का जिरवणारा भाग, गेलेला असतो. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीत त्यांचा कंट्रोलर लागतो, आणि प्रत्येक नव्या वजनाला त्याची ताकद नव्याने जुळवून घ्यावी लागते.

लायसन्स, नंबरप्लेट, विमा

इथे देशागणिक नियम बदलतात, म्हणून सीमा ओलांडणाऱ्याने विशेष लक्ष द्यावं. युरोपीय संघात साध्या 'बी', म्हणजे कारच्या, लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड ट्रेलर असेल तर दोन्हींचं मिळून कमाल वजन ३५०० किलोच्या आत हवं. ४२५० पर्यंत जायचं तर 'बी ९६' हा शेरा घ्यावा लागतो, आणि ३५०० किलोपर्यंतच्या जड ट्रेलरसाठी 'बीई' हा स्वतंत्र वर्ग. ब्रिटनने १६ डिसेंबर २०२१ पासून ही वेगळी परीक्षा काढून टाकली, आता तिथलं कारचं लायसन्स ३५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरला पुरतं. लक्षात ठेवा, लायसन्ससाठी पाटीवरचं कमाल वजन मोजतात. ट्रेलर रिकामा होता ही सबब चालत नाही.

भारताच्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' ह्या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्यामुळे कारमागचा ट्रेलर म्हणजे गाडीला जोडलेलं एखादं ॲक्सेसरी, ही समजूत काढून टाका. नोंदणी आणि विम्याचा विचार त्याच्यासाठी स्वतंत्र करावा लागतो. जर्मनीत ट्रेलरला स्वतःची नंबरप्लेट असते, ब्रिटनमध्ये ओढणाऱ्या गाडीचाच नंबर ट्रेलरच्या मागे लावतात, तर फ्रान्समध्ये ५०० किलोची रेघ आहे: खाली गाडीचा नंबर, वर ट्रेलरचा स्वतःचा.

विमा कंपनीला दोन प्रश्न लेखी विचारा. जोडलेल्या ट्रेलरमुळे तिसऱ्याचं नुकसान झालं तर माझी पॉलिसी भरते का? आणि ट्रेलरचं स्वतःचं नुकसान किंवा चोरी? पहिल्याचं उत्तर 'हो' असलं तरी दुसऱ्याचं बरेचदा 'नाही' निघतं. नंतर बसवलेला टो बार, म्हणजे बॉल ज्यावर असतो तो गाडीखालचा दांडा, हा गाडीतला बदल धरला जातो, तो कंपनीला कळवलेला असावा. वजन मर्यादेबाहेर असेल तर दावा अडकू शकतो, हे वेगळं सांगायला नको.

टो बार आणि बॉल

टो बार तुमच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलाच घ्या. तो चेसिसच्या ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या बोल्टांनी बसतो. बंपरच्या पट्टीला वेल्डिंग करून दिलेला हुक स्वस्त पडतो, पण तो मी माझ्या गाडीला लावणार नाही. टो बारवर त्याची स्वतःची पाटी असते. गाडीची मर्यादा, टो बारची मर्यादा आणि कपलरची मर्यादा, या तिघांत जी सगळ्यात कमी तीच तुमची.

बॉलचा आकारही बघा. बऱ्याच जगात ५० मिलिमीटरचा बॉल प्रचलित आहे. अमेरिकेत पावणेदोन इंचाहून थोडा मोठा, म्हणजे एक पूर्णांक सात अष्टमांश इंचाचा, दोन इंचाचा आणि त्याहून मोठेही मिळतात. मोठ्या कपलरखाली लहान बॉल आला तर तो बसल्यासारखा दिसतो, चालतोही, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो.

सामान भरणं: इथेच खरा खेळ आहे

नियम थोडक्यात असा: जड सामान ॲक्सलच्या आसपास आणि जमिनीलगत, हलकं टोकांना आणि वर. डावं-उजवं सारखं. आणि नाक मागच्या बाजूपेक्षा किंचित जड.

त्या 'किंचित'चं माप काढता येतं, आणि काढायलाच हवं. युरोपात बॉलवरचा भार ट्रेलरच्या प्रत्यक्ष वजनाच्या पाच ते सात टक्के असावा म्हणतात. अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के सांगतात. दोन्हींत गोंधळू नका. अमेरिकेत गाड्या जड, ट्रेलरची रचना वेगळी, युरोपातल्या गाड्यांचा बॉल एवढा भार पेलायला बनवलेलाच नसतो. तुमच्या गाडीच्या पाटीवर ७५ किलो लिहिलं असेल तर ७५ ही छत. त्या छताच्या जवळ, पण आत राहायचं.

मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागेवर उभा करा, चाकांना ठोकळे लावा. बॉलच्या उंचीशी जुळेल असा लाकडाचा दांडा कापा, काट्यावर उभा ठेवा आणि कपलर त्याच्या टोकावर टेकवा. जॉकी व्हील, म्हणजे नाकाखालचं ते लहान चाक, पूर्ण वर घ्या. काट्यावर दिसेल तो तुमचा भार. ट्रेलर आडव्या रेषेत हवा. नाक खाली किंवा वर असेल तर आकडा खोटं बोलतो.

भार कमी-जास्त असेल तर सामान किती सरकवायचं? ॲक्सलपासून कपलरपर्यंत अंतर तीन मीटर आहे असं धरा. ६० किलोची पेटी अर्धा मीटर पुढे सरकवली की बॉलवर १० किलो वाढतात: ६० गुणिले अर्धा, भागिले तीन. म्हणजे चाचपडत बसायची गरज नाही, एकदा मोजलं की पेटी कुठे ठेवायची ते कागदावरच कळतं.

आता मागच्या ॲक्सलचं कारण. बॉल मागच्या चाकांच्या मागे असतो, त्यामुळे त्यावरचा भार तरफेसारखं काम करतो. चाकांमधलं अंतर अडीच मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे असेल, तर ७० किलोच्या भाराने मागच्या ॲक्सलवर ९८ किलो वाढतात आणि पुढच्यावरचे २८ उचलले जातात. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग आणि बहुतेक ब्रेकिंग. म्हणून डिकीत जड सामान ठासून वर ट्रेलर जोडलेली गाडी नाक वर करून चालते, आणि तिचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. हेडलाइट खाली करण्याचं चाक डॅशबोर्डवर असतं ते ह्यासाठीच. ट्रेलर जोडल्यावर गाडीच्या टायरमध्येही पूर्ण भाराची हवा भरा. तो आकडा दाराच्या चौकटीवर वेगळा दिलेला असतो.

बांधताना रॅचेटचे पट्टे वापरा, आणि पट्ट्यावर छापलेली क्षमता वाचा. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणा, सामान बसतं आणि पट्टे सैल पडतात. वाळू, पालापाचोळा, फोमच्या गाद्या यांच्यावर जाळी किंवा ताडपत्री हवीच. मागे बाहेर आलेल्या सामानाला खूण लावणं बहुतेक देशांत सक्तीचं आहे, आणि ट्रेलरमध्ये माणसं बसवायला जवळपास सगळीकडे बंदी आहे.

जोडणं

घाई नको, आणि मधेच फोन तर नकोच. क्रम चुकतो तो बोलण्याच्या नादात.

ट्रेलरची चाकं अडवलेली असू द्या. गाडी मागे घेत बॉल बरोबर कपलरखाली आणा. कॅमेरा असेल तर काम सोपं, नसेल तर कुणाला तरी बाजूला उभं करा, पण दोन्ही वाहनांच्या मध्ये नको. जॉकी व्हीलचा दांडा फिरवत कपलर खाली सोडा. 'खट्' असा आवाज येतो.

त्या आवाजावर भरवसा ठेवू नका. जॉकी व्हील परत खाली फिरवा, इतकं की गाडीची मागची बाजू बोटभर वर उचलली जाईल. कपलर बॉलला धरून राहिला तर तो खरंच बसला. मी एकदा हे करताना कपलर अलगद बॉलवरून वर आला होता. 'खट्' झालं होतं, खटका खाली होता, सगळं नीट दिसत होतं. आतल्या वाळलेल्या ग्रीसमध्ये वाटाण्याएवढा खडा अडकला होता, आणि कपलर बॉलच्या नुसता डोक्यावर बसला होता. त्या दिवसापासून ही उचलून बघायची पायरी मी कधी सोडलेली नाही.

मग सुरक्षेची दुसरी कडी. बिनब्रेकच्या ट्रेलरला साखळी असते. कपलिंग निसटलं तर नाक रस्त्यावर आपटू नये इतकीच तिची लांबी हवी. दोन साखळ्या असतील तर नाकाखालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे नाक पडलंच तर त्या झोळीत पडतं. ब्रेकच्या ट्रेलरला ब्रेकअवे केबल असते. ट्रेलर सुटला की ती ताणून हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. ती टो बारवरच्या ठरलेल्या कडीलाच अडकवा. नुसती बॉलभोवती गुंडाळली तर ऐन वेळी बॉलवरून निसटून जाते. वळताना ताणली जाणार नाही एवढी ढिली, पण जमिनीला घासणार नाही एवढी आखूड.

शेवटी ट्रेलरच्या दिव्यांना वीज देणारा प्लग. सात पिनांचा जुना, तेरा पिनांचा नवा, मधे अडॅप्टर. जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन घट्ट करा, ट्रेलरचा हँडब्रेक सोडा, ठोकळे काढून गाडीत ठेवा.

दिवे आणि टायर

पार्किंग, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा, धुक्याचा दिवा: एक-एक करून तपासा, मागे माणूस उभा करून. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिचमिचतो, किंवा सगळेच मंद होतात, असं दिसलं तर बल्ब बदलत बसू नका. नव्वद टक्के वेळा अर्थिंग खराब असतं. पांढऱ्या तारेचं टोक, जिथे ते चेसिसला लागतं तिथला गंज घासून काढा. युरोपात ट्रेलरच्या मागे लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत, मागून येणाऱ्याला अंधारात कळावं की पुढे जोडी आहे. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर वाढीव आरसे लावा.

ट्रेलरचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. महिनोन्महिने एकाच जागी, उन्हात, त्याच बाजूवर उभा. नक्षी नव्यासारखी आणि कडेला बारीक भेगा, असा टायर वेगात फुटतो. कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. जर्मनीत ट्रेलरसह ताशी १०० किलोमीटरची परवानगी हवी असेल तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतले लागतात. ती परवानगी नको असली तरी मी सहा वर्षांनंतर टायर बदलतो. चाकाचे नट टॉर्क रेंचने घट्ट करा, आणि चाक काढून बसवलं असेल तर पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्टेपनी ट्रेलरचीही हवी. बहुतेक वेळा गाडीची त्याला लागत नाही.

रस्त्यावर

वेगमर्यादा ट्रेलरसाठी बहुतेक ठिकाणी कमी असते. जर्मनीत एरवी ताशी ८०, ब्रिटनमध्ये दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५० मैल आणि मोटरवेवर ६०. तिथे तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर ट्रेलरला सर्वात उजव्या लेनमध्ये जाता येत नाही. ८०वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट, पण ब्रेकना जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त. पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवा, उतारावर आधीच खालचा गिअर घ्या, आणि वळण थोडं रुंद घ्या, कारण ट्रेलर आतल्या बाजूने कापत येतो.

ट्रेलर डुलायला लागणं हा सगळ्यात भीतीचा प्रसंग. बहुधा उतारावर, किंवा मोठा ट्रक शेजारून जाताना हवेचा धक्का बसला की सुरू होतो. आरशात ट्रेलर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसू लागतो. हात आपोआप त्याला उलट वळवून सावरायला जातात, आणि त्या प्रत्येक उलट वळणाने झोका वाढतो. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. ॲक्सिलरेटर सोडा. जोराचा ब्रेक नको, आणि "वेग वाढवून सरळ करतो" हा सल्ला तर कधीच नको. इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हलके लावा. वेग उतरला की झोका मरतो. मग सुरक्षित जागी थांबा आणि कारण शोधा, तसंच पुढे जाऊ नका. बॉलवर भार कमी आहे? टायरची हवा गेली? सामान मागे सरकलं? आजच्या कित्येक गाड्यांत चाकागणिक ब्रेक लावून डोलणं दाबणारी यंत्रणा असते. ती चांगलीच आहे, पण मागे जड भरलेला ट्रेलर ती पुढे जड करू शकत नाही.

मागे घेणं रिकाम्या मैदानात शिका. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. आता हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलरची शेपूट त्या बाजूला जाईल. अगदी थोडं वळवा, लगेच सरळ करा. कोन वाढून गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटू लागले तर हट्ट करू नका, दोन मीटर पुढे जा आणि पुन्हा सुरू करा.

सोडताना

पहिल्या थांब्यावर आणि पोचल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्यावर हाताची पाठ जवळ नेऊन बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर तिथला ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग जातंय.

सोडण्याचा क्रम उलटा: आधी ठोकळे आणि हँडब्रेक, जॉकी व्हील खाली, मग प्लग, मग साखळी किंवा केबल, आणि सगळ्यात शेवटी कपलर. आणि सामान उतरवताना पुढचं आधी काढून मागचं तसंच ठेवलं असेल, तर कपलर सोडण्यापूर्वी ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली टेकू द्या. नाहीतर खटका सुटताच नाक वर उसळतं, आणि त्या वेळी तुमची हनुवटी नेमकी त्याच्यावर वाकलेली असते.